दुपारी दोनचं रडणं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. वाचक हसतोय की नाही हे ज्याला चाळीस वर्षं दिसलं नाही, तो न दिसणाऱ्या गोष्टींना काय घाबरणार! म्हणूनच कॉलनीवर आलेलं संकट मी एका दुपारीत मिटवतो, असं आमच्या सौभाग्यवती रत्नमालाबाईंना मी छातीठोकपणे सांगितलं.

"एका दुपारीत?" ती म्हणाली. "मागच्या मे महिन्यात कूलरचा पंप बदलतो म्हणाला होतात. तो मे गेला, हा मे आला."

संकट टीव्हीतून आलं होतं. रात्री साडेआठच्या नव्या मालिकेत शंतनू आणि मिहीर नावाचे दोन तरुण एकमेकांच्या प्रेमात पडले. दोस्तीबिस्ती नाही, प्रेमातच! ज्या दिवशी शंतनूनं मिहीरचा हात धरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पारावांनी कडुलिंबाखाली बैठक बोलावली. अप्पाराव आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. फुलंब्रीकडं जमीन, इथं पतसंस्थेतली नोकरी करून निवृत्त. आवाज असा, की फोनवर बोलले तर फोनची गरज नाही.

"आपल्या लेकीसुनांसमोर असलं नगं!" अप्पाराव गरजले. "ही मालिका या कॉलनीत कुणीबी बघायची नाय. बिल्कुल नाय!"

ठराव पास झाला. पुरावा म्हणून रोज साडेआठला प्रत्येकानं बाहेर खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे कोण घरात आहे ते दिसेल. अख्खी कॉलनी रोज अर्धा तास एकमेकांकडे बघत डास मारत बसू लागली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा मजकूर लिहायला बसलोच नसतो. पण टीव्हीतले दोघं बंद केल्यावर लोकांना बाहेरचे दोघं दिसायला लागले. आमच्या समोर गोजरबाईचं घर. बाई एकटी, मुलगा पुण्याला. तिच्या माडीवर गोकुळ आणि सार्थक दोन वर्षांपासून भाड्यानं राहत होते. वाळूजला कंपनीत कामाला, सणाला गोजरबाईच्या पाया पडणारे. परवापर्यंत ती 'गुणी पोरं' होती. आता लोक मोजायला लागले. गाडी एकच! कपाट एकच! अप्पारावांनी गोजरबाईला फर्मान काढलं: शुक्रवारपर्यंत खोली रिकामी.

"मला न्हाई पटत," गोजरबाई मला म्हणाली. "पर मी एकटी बाई. तुमच्यातच ऱ्हायचंय ना मला."

मी माडीवर गेलो. गोकुळनं चहा टाकला.

"काका, अप्पाराव म्हणतेत ते खोटं नाय," तो म्हणाला. "आम्ही तसलेच हावोत." आलं संपलंय हे सांगावं तशा आवाजात त्यानं हे सांगितलं.

"बजाजनगरची खोली याच पायी गेली," सार्थक खिडकीबाहेर बघत बोलला. "त्याआधीची औरंगपुऱ्यातली. आता परत शोधायची ताकद नाही माझ्यात. मी गावाकडं जातो."

"आन् मी?" गोकुळनं विचारलं.

मी गरम चहा एका घोटात पिऊन टाकला आणि जीभ पोळून घेतली.

तर माझी योजना अशी. घोळक्यातला माणूस वेगळा, एकटा माणूस वेगळा. भर दुपारी, जेवणं उरकल्यावर, एकेकाच्या घरी जायचं आणि गोडीगुलाबीनं मन वळवायचं. दोन वाजता मी डोक्याला उपरणं गुंडाळून बाहेर पडलो.

आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही, त्याला सांगून पटायचं नाही. रस्त्यावर सावली नाही. लिंबावर कावळा चोच उघडी ठेवून बसलेला, पण आवाज नाही. पान हलत नाही. मी पहिलं दार वाजवलं. उत्तर नाही. दुसरं वाजवलं. नाही. पण आत माणूस होतं! पडद्याच्या फटीतून दिसत होतं, भिंतीवर निळा उजेड होता. तो हलत होता. विझायचा, परत लागायचा.

शेजारच्या घरातही तोच निळा. पलीकडेही तोच. एका घरात तो तांबडा झाला आणि त्याच क्षणी सगळ्या घरांत तांबडा झाला. परत निळा. जणू बंद दारांमागे अख्खी कॉलनी एकाच नाकानं श्वास घेत होती. आवाज मात्र कुठेच नाही! उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग हुंदका आला.

डावीकडून आला, उजवीकडून आला, पुढून आला, मागून आला. सगळीकडून एकच हुंदका. तेवढाच लांब, तेवढाच ओला. मग शांतता. मग सगळ्या घरांतून एकदम नाक शिंकरल्याचा आवाज.

चाळीस वर्षांची निर्भयता माझ्या चपलांबरोबर तिथेच राहिली. मी अनवाणी घराकडे पळालो. आमच्या खिडकीत निळा उजेड! आत रत्नमाला बसलेली. चेहरा निळा, पदर तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून धारा आणि ओठ आवाज न करता हलताहेत. मी खांद्याला हात लावला. ती किंचाळली. तिच्यामुळे मी किंचाळलो. माझ्यामुळे ती परत किंचाळली. एवढ्यात खोलीतला उजेड गेला.

"तू रडत होतीस!" मी म्हणालो.

"मी? मी कशाला रडू?" तिनं डोळे मोठे केले. "अगं बाई! म्हणजे तुम्हीपण ऐकलंत ते?"

मी शंकेखोर माणूस. टीव्हीला हात लावून पाहिला. बंद होता. गरम होता खरा, पण मे महिन्यात काय गरम नसतं!

रात्री साडेआठला खुर्च्यांवर बसल्यावर मी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. सगळे जमिनीकडे बघू लागले. मग अप्पाराव खाकरले.

"मीबी ऐकलं. चार दिवस झाले ऐकतोय."

"मी पण!" "माझ्या तर मागच्या खोलीतच आलं होतं!" "पांढरं लुगडं व्हतं!" "पावलं उलटी व्हती!"

माझ्या एकाही लेखाला आयुष्यात इतका झटपट प्रतिसाद मिळाला नव्हता. दहा मिनिटांत बाईचं वय, उंची आणि माहेर ठरलं. फुलंब्रीच्या अलीकडचा कडूबा भगत बोलवायचाही ठराव झाला. शुक्रवारी दुपारी दोनला, लिंबाखाली, कॉलनीतलं यच्चयावत माणूस बाहेर. घरात कुणी थांबायचं नाही!

'दोन' म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले.

"चारला नाय का जमणार?" कुणीतरी चाचरत विचारलं.

"रडतीय दोनला," मी म्हणालो. "चारला काय चहाला येईल?"

मला आता नवी योजना सुचली होती. कडूबा माझ्या ओळखीचा; लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो मास्तरच म्हणतो. मी एकदा त्याची खिल्ली उडवणारा लेख लिहिला होता. तो त्यानं फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. मी त्याला गाठलं. "कडूबा, अंगात आलं की एवढंच म्हणायचं: माडीवरच्या पोरांना हलवाल तर मी प्रत्येकाच्या घरात मुक्कामाला येईन!"

"एवढंच ना मास्तर? बिनघोर ऱ्हावा," कडूबा म्हणाला.

शुक्रवार उजाडला. पोरांच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी. फाटकाशी टेंपो उभा होता. माडीवरून चिकटपट्टी ओढल्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजाला गोजरबाई पदर कानावर ओढून घेत होती.

दोन वाजले. लिंबाखाली अख्खी कॉलनी. ऊद पेटला, लिंबं कापली गेली. कडूबा घुमू लागला. लोक मात्र त्याच्याकडे बघत नव्हते. सगळे आपापल्या बंद घरांकडे बघत होते. काय तळमळ होती त्या नजरांत! मला वाटलं, भीती.

"कोण हाईस तू?" कडूबा ओरडला. "बोल! कामून रडतीस?"

आणि हुंदका आला.

अप्पारावांच्या घरातून. बंद घरातून! घरं रिकामी, माणसं सगळी बाहेर, आणि आत एक बाई हमसून हमसून रडत होती. कावळा उडाला. कडूबा घुमायचा थांबला. त्याचा चेहरा उदाच्या राखेसारखा झाला.

"मास्तर," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "उभ्या जल्मात पयल्यांदाच कुणी उत्तर दिलं!"

आतून आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "या घराचं दार आजपासून तुला बंद! निघ!"

मग एक तरुण आवाज: "आई..."

अप्पाराव घामानं न्हाले होते. "आईला आत झोपवून आलो होतो मी," ते कुजबुजले. "म्हातारी हाय, तिला ऐकू येत नाय. तिला झपाटलं का काय!"

तेवढ्यात त्या जीवघेण्या शांततेत आमची रत्नमाला कळवळून म्हणाली, "म्हणजे हाकललं की हो शंतनूला! आजच निकाल देणार होती त्याची आई!"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. आणि मग अख्खी कॉलनी, अप्पाराव पुढे आणि कडूबा सगळ्यांच्याही पुढे, त्या खिडकीकडे धावली!

आत अप्पारावांच्या मातोश्री सारजाबाई आरामात बसल्या होत्या. टीव्हीवर मालिकेचं दुपारचं पुनःप्रक्षेपण. रिमोट त्यांच्या मांडीखाली दबलेला, आवाज शेवटच्या टोकाला. त्यांना आवाज असला काय, नसला काय, सारखंच.

एवढे दिवस बाकी सगळे हेच बघत होते. दारं लावून, पडदे ओढून, आणि शेजाऱ्याला कळू नये म्हणून आवाज बंद ठेवून! भूत कोण ते मला कळलं. मला तर भुताशी लग्न करून पस्तीस वर्षं झाली होती.

"त्याचा आवाज असाय होय?" बायका चकित झाल्या.

"म्हणजे मिहीर शंतनूला किडनी देत नव्हता?" रत्नमाला म्हणाली. "मग आईच्या हातात फाईल कसली होती?"

"मला वाटलं, सातबारा हाय," मागून कुणी बोललं. "मी वाटणीचं भांडण समजून बघत व्हतो!"

पण पडद्यावर शंतनू बॅग उचलून उंबऱ्याबाहेर पडायला लागला आणि सगळे वाद थांबले. कॉलनी गजांना लोंबकळून ओरडायला लागली. "नको गं हाकलू त्याला!" "निर्दय बाई!" आणि सगळ्यांच्या वर अप्पारावांचा तो आवाज!

त्याच क्षणी वीज गेली.

टीव्ही गप्प. कूलर गप्प. लोक गप्प. पण अप्पारावांचा आवाज इतका वेगात होता की त्याला थांबायला जागा मिळाली नाही. त्या सुनसान दुपारी तो एकटाच घुमला: "ऱ्हाऊ दे की लेकराला! कुणाच्या बापाचं काय जातंय! कुठं जाईल ते ह्या उन्हात!"

मागे धप्प आवाज झाला. आम्ही वळलो.

गोजरबाईच्या जिन्याच्या पायथ्याशी गोकुळ आणि सार्थक उभे होते. दोघांनी मिळून उतरवलेला गॅसचा सिलिंडर त्यांच्या हातून सुटला होता. त्यांना दिसत होते फक्त आमचे पाठमोरे घोळके, आणि त्यांनी ऐकलं होतं ते एवढंच.

"अप्पाकाका," गोकुळ दोन पावलं पुढं आला. "तुम्ही आमच्यासाठी... सगळ्यांसमोर..."

सार्थक सिलिंडरवरच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. हा हुंदका मात्र एकाच दिशेनं आला.

अप्पारावांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. 'हे तुमच्यासाठी नव्हतं' म्हणावं, तर मग कुणासाठी होतं ते सांगावं लागणार! त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनी लिंबाकडे पाहिलं. मग त्यांची नजर सार्थकवर गेली आणि तिथेच थोडा वेळ राहिली.

"व्हय..." ते म्हणाले. "म्हंजी... तेच म्हणत व्हतो मी. तो टेंपो कामून बोलावला रे?"

"आरं, अध्यक्षानं सांगितलं, बघता काय!" गोजरबाई कडाडली. "चला, चढवा सिलिंडर वर!" बोलता बोलता सिलिंडरची एक कडी तिनं स्वतःच धरली. दुसरी कडूबानं.

जिना चढताना कडूबानं मागे वळून मला विचारलं, "मास्तर, माझं वाक्य ऱ्हायलं. म्हणू का आता?"

"राहू दे," मी म्हणालो.

बंदी त्या दिवशी आपोआप उठली. लोक आता दारं उघडी ठेवून, आवाज लावून मालिका बघू लागले. आणि पहिल्यांदाच संवाद ऐकू आल्यावर सगळ्यांना कळलं, की मालिका अगदीच भिकार आहे. फाईल विजेच्या बिलांची निघाली. आठवड्याभरात एकेकानं सोडून दिली. रत्नमाला अजून म्हणते, किडनीची गोष्ट जास्त चांगली होती.

परवा गोकुळ जिन्यात भेटला. माझ्यातला जाणकार जागा झाला. म्हटलं, "काय रे, तुमच्यासारख्यांना टीव्हीवर बघून तुम्हाला बरं वाटलं असेल, नाही? अभिमान वगैरे?"

"आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सोडली, काका."

"का बरं?"

"आवो, एवढ्या दिवसांत, पहाटे नळाला पाणी आल्यावर कुणी उठायचं, यावरून त्या दोघांचं एकदाही भांडण नाय," गोकुळ म्हणाला. "कायबी दाखवतेत!"