सहा आठवड्यांचा मंडप

"मी असा मंडप करीन की लोकांना वाटेल, हा कुणी बांधलेलाच नाही," असं धाकटे भर बैठकीत बोलून गेले. पुढे अगदी शब्दशः तसंच झालं, यात त्यांचा दोष किती हे तुम्हीच ठरवा.

धाकटे म्हणजे दोन भावांच्या वास्तुरचना कार्यालयातले धाकटे. वय चाळीस, पण थोरले शेजारच्याच टेबलावर बसत असल्यामुळे धाकटेपण काही सुटत नव्हतं. गेली चौदा वर्षं थोरले इमारती काढत होते आणि धाकटे त्या इमारतींचे जिने. "तुझा जिन्यात हात बसलाय," असं थोरले कौतुकाने म्हणायचे आणि धाकटे आतल्या आत आणखी एक पायरी उतरायचे.

अशात सार्वजनिक बागेची स्पर्धा निघाली. बागेत सहा आठवड्यांपुरता एक मंडप हवा होता, निसर्गावरून सुचलेला. धाकट्यांनी कुणाला न सांगता पक्ष्याच्या घरट्यासारखा मंडप काढून पाठवला आणि तो चक्क निवडला गेला. काम चांगलं झालं तर गावाबाहेरच्या नव्या बागेचं कामही त्यांनाच द्यायचं, असं बागेच्या अधीक्षकबाईंनी कबूल केलं.

थोरल्यांनी पत्र दोनदा वाचलं. "जमलं तर स्वतःची वेगळी पाटी लाव," ते म्हणाले, "खिळा मी ठोकतो. नाही जमलं तर मुकाट्याने परत ये. सात मजल्यांचा जिना पडून आहे."

अधीक्षकबाईंची अट एकच होती. सहा आठवडे संपले की मंडप काढायचा आणि जमीन होती तशी परत करायची. "खड्डासुद्धा दिसता कामा नये," त्यांनी बजावलं. बाईंचा नियमांवर इतका जीव होता की त्या फाटकातून आत येतानाही डाव्या बाजूने येत.

पहिली अडचण सुताराने काढली. नकाशात काठ्यांना जो बाक होता, तो घ्यायला वाळकं लाकूड तयार होईना. सहा काठ्या काडकन मोडल्यावर सुताराने हात टेकले. तेव्हा बागेतले म्हातारे माळीकाका म्हणाले, "साहेब, तळ्याकाठची झाडं परवाच छाटलीत. फांद्या तिथेच पडल्यात. वाकवाल तशा वाकतील."

वाकल्या! मनगटाएवढ्या जाड चौसष्ट फांद्या सकाळी गोल आखून हातभर खोल रोवल्या, जेवणानंतर त्यांचे शेंडे माथ्यावर बांधले आणि मधून बारीक फांद्या विणल्या. संध्याकाळी तिथे एक भलीमोठी पालथी टोपली उभी होती. धाकट्यांनी तिला अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीला बायकोने त्यांना दंडाला धरून घरी नेलं.

बाराव्या दिवशी फांद्यांवर हिरवे ठिपके दिसले. धाकट्यांना वाटलं, बुरशी. चष्मा पुसून पाहिलं तर ते कोंब होते.

मंडपाला कोंब फुटतात हे काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. कोंब म्हणजे खाली मुळं आणि मुळं म्हणजे खड्डा. बाईंच्या नजरेला पडलं तर अट मोडली, अट मोडली तर नवी बाग गेली, आणि मग आहेच सात मजल्यांचा जिना. धाकट्यांनी बायकोची नखं कापायची कात्री खिशात घातली आणि रोज सकाळी बाग उघडल्याबरोबर येऊन ते एकेक कोंब खुडू लागले. इकडेतिकडे बघत, चोरासारखे.

आठवडाभराने पाहतात तर जिथला एक खुडला होता तिथे दोन आले होते. ते दोन्ही खुडले. तिथे चार आले.

"साहेब," मागून आवाज आला. माळीकाका पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. "शेंडे खुडले की झाड दाट होतं, हे तुमच्या कॉलेजात शिकवतात का हो? आमच्याकडच्या नव्या माळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसला."

धाकट्यांच्या हातातली कात्री गळून पडली. "आणि तो पाइप कशाला?"

"पाणी घालायला. पहिल्या दिवसापासून घालतोय."

"कुणी सांगितलं?"

"जमिनीत उभं आहे," काका म्हणाले. "सांगायला कशाला लागतं?"

पाचव्या आठवड्यात आतली वीण पानांनी झाकून गेली. म्हातारी माणसं नेहमीचे बाक सोडून आत वर्तमानपत्र वाचायला बसू लागली. एक बाई रोज तान्ह्या बाळाला घेऊन येई आणि बाळ तिथे आल्याबरोबर झोपे. हे सगळं बघताना धाकट्यांचा ऊर भरून यायचा आणि लगेच ते मुदतीचे उरलेले दिवस बोटांवर मोजायचे.

शेवटच्या दिवशी ते सुताराला आणि करवतीला घेऊन आले. पहिली फांदी धरली, एवढ्यात अधीक्षकबाई आल्या.

"थांबा. हे काय चाललंय?"

"मंडप काढतोय, मॅडम. अटीप्रमाणे."

बाईंनी फांदी हलवून पाहिली. ती हलेना. साल नखाने खरवडली तर आतून हिरवीगार. "हे तर झाड आहे. बागेतलं जिवंत झाड समितीच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही."

"मग परवानगी मागतो."

"झाडामागे एक अर्ज. तुम्हाला चौसष्ट करावे लागतील. आणि समिती बसते वर्षातून दोनदा."

"मग राहू दे का?"

"राहू कसं देणार? तात्पुरत्या बांधकामाची मुदत आज संपते."

बावीस वर्षांच्या नोकरीत एक नियम दुसऱ्या नियमाच्या अंगावर गेलेला बाईंनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांचा चेहरा इतका पडला की धाकट्यांना स्वतःचं दुःख विसरून त्यांचीच काळजी वाटू लागली.

"मॅडम," माळीकाका म्हणाले, "बांधकाम आहे कुठे? दोऱ्या मी कालच सोडून घेतल्या. आता उभी आहेत ती नुसती झाडं."

बाईंनी वर पाहिलं. खरंच, माथ्यावर एकही दोरी नव्हती. फांद्या एकमेकींना धरून आपल्या आपण उभ्या होत्या. बाईंनी मोठा श्वास घेतला, वही उघडली आणि लिहिलं, 'बांधकाम काढून घेतले. काम समाधानकारक.' मग इकडेतिकडे बघून त्या हळूच आत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी थोरले आले. तासभर आत बसले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"चौदा वर्षं तुला जिन्यांवर बसवलं," ते म्हणाले. "चुकलंच माझं. हे असं उगवेल, हे तुला आधीपासून माहीत होतं?"

खरं सांगायचं म्हणून धाकट्यांनी तोंड उघडलं. "म्हणजे... तसा विचार होताच," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात थोरल्यांनी स्वतः शिडीवर चढून पाटीचा खिळा ठोकला. महिनाभरात नव्या बागेचं पत्र आलं. मंडप चार हवेत, जिवंतच हवेत आणि कायमचे हवेत. धाकट्यांनी पत्र बायकोला वाचून दाखवलं, सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं आणि दुपारी, कुणाला न सांगता, ते माळीकाकांना शोधत तळ्याकाठी गेले.

"काका, असे चार करायचेत," ते चाचरत म्हणाले. "मी... म्हणजे आपण, इथे नेमकं काय केलं होतं, ते जरा सांगाल?"

काकांनी पाणी बंद केलं. "वही आणलीत?"

आणली होती.

"मग लिहा. पहिलं म्हणजे, फांदीचा बुडखा खाली, शेंडा वर."

"हे काय लिहायचं, काका? एवढं मला कळतं."

"लिहा, साहेब. चौसष्टांतल्या तीस तुम्ही उलट्या रोवल्या होत्या. तुम्ही जेवायला गेलात, तेवढ्यात मी सरळ केल्या."

धाकट्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.