गिल्टमधला यू

आमचे हिरेमठ सर इंग्रजी शब्दाची चौकशी लग्नाच्या स्थळासारखी करत. घराणं कुठलं, आधी कुणाकडे नांदला, हे कळल्याशिवाय शब्द तोंडात घेत नसत. वर्गात कुणी ‘टेबल’ म्हणालं की सर थेट रोमला पोचायचे. परतायला दोन तास लागत, आणि त्यातला दुसरा तास मी शिकवायचा असे.

“घराणं बघा की, घराणं,” हे त्यांचं पालुपद. स्वतः मात्र सडेफटिंग. खोलीत एक स्टोव्ह आणि पाट्याएवढी जाड डिक्शनरी.

पोरं त्यांच्यावर जीव टाकत. मी जळत असे. सोलापूर मे महिन्यात तापतं, मी बारा महिने. त्यात मॅट्रिकचं इंग्रजी त्यांना द्यायचं की मला, हे हेडमास्तर ठरवणार होते. मी सरांची डिक्शनरी नकाशांच्या कपाटामागे सारली.

त्याच दुपारी रजईवाले मल्लूआप्पा शाळेत आले. पेंटरने नव्या पाटीवर क्यूऐवजी जी काढला होता, म्हणून ‘क्विल्ट हाऊस’चं ‘गिल्ट हाऊस’ झालेलं. आप्पांना ते ठाऊक नव्हतं, पण एक गिऱ्हाईक हसलं होतं.

“मास्तर, पाटीचा अर्थ चांगलाच हाय न्हवं?”

सर डिक्शनरी शोधायला लागले. समोर हेडमास्तर. मी संधी साधली.

“गिलीट, आप्पा. सोन्याचं पाणी.”

आप्पांनी पाटीला एवढा हार घातला की खालून दुकान दिसेना. मॅट्रिक मला मिळालं.

आठवड्याने संध्याकाळी तिथून जातो तर हिरेमठ सर शिडीवर. ब्रशने जीला शेपूट काढत होते. खाली उभ्या आप्पांना सांगत होते, “सरांचं बरोबरच हाय, पेंटरनं शेपूट गाळलं, एवढंच.”

आम्ही सायकली हातात धरून निघालो. मी हळूच गिल्टचा खरा अर्थ विचारला.

“अपराध. केलेला, आणि मग मनात टोचणारा.”

“आणि घराणं?”

“जुन्या इंग्रजीपर्यंत माग लागतो. त्याच्या पलीकडं आईबाप सापडत न्हाईत.” थोडं चालून म्हणाले, “एकटाच हाय बिचारा. म्हणून मला आवडतो.”

त्यांच्या कॅरिअरला डिक्शनरी बांधलेली होती. तिच्यावर नकाशांच्या कपाटामागची जळमटं. मी काहीतरी पुटपुटायला लागलो. सरांनी बोटाचा रंग रुमालाला पुसला.

“गिलिटात यू नसतो, सर. गिल्टमध्ये असतो. पण त्याचा उच्चार करायचा नसतो.”

यू म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.