ब्रेझाकमधील दोन बंदुकांचा तौलनिक अभ्यास

जगातल्या सर्व वस्तू मुळात दोनच प्रकारच्या असतात: इथल्या आणि बाहेरच्या. वजन, रंग, उपयोग वगैरे फरक नंतरचे. एखादी वस्तू चांगली की वाईट हे ठरवायला ती आधी वापरून बघावी लागते, असा समज काही मागासलेल्या समाजांत अजून आढळतो. आमच्या ब्रेझाक गावात तसं नाही. वस्तू कुठून आली एवढं कळलं की आमचं मत तयार होतं, आणि एकदा तयार झालेलं मत आम्ही त्या वस्तूपेक्षा जास्त वर्षं वापरतो.

ब्रेझाकच्या शिकार मंडळाचा सचिव या नात्याने मी हे अभिमानाने नमूद करतो. मंडळ जुनं आहे, सभासद भरपूर आहेत. (शिकार कमी होते, पण सभा नियमित होतात.) त्या सभांमध्ये परदेशी बंदूक आणि देशी बंदूक यांच्या गुणवत्तेचा प्रश्न ऐरणीवर आला तो ओब्राद आणि वेलिमिर या दोन व्याह्यांमुळे.

वेलिमिर आयुष्यभर ऑस्ट्रियात ग्राझ शहरात लिफ्ट दुरुस्त करत होता. निवृत्त होऊन गावी परतला तो पेन्शन, पाठदुखी आणि एक ऑस्ट्रियन बंदूक घेऊन. त्याच्या बोलण्यात 'तिकडे' हा शब्द फार. तिकडे रस्त्यावर पान पडलं तर उचलतात, तिकडे कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहतात. ओब्राद आमच्या रेल्वे स्टेशनचा मास्तर होता, गाव सोडून कधी राहिला नाही. त्याची बंदूक आपल्याच देशातल्या कारखान्याची, वडिलांकडून आलेली. ओब्रादच्या मुलाने, ओग्न्येनने, वेलिमिरच्या मुलीशी, यास्नाशी लग्न केलं आणि दोन्ही बंदुका एका घरात आल्या, म्हणजे एका जेवणाच्या टेबलाशी.

पहिल्याच रविवारी वेलिमिरने बंदूक कापडातून काढून सूपच्या वाडग्यापुढे ठेवली.

"व्याहीबुवा, जरा हातात धरून बघा. वजन जाणवतं का?"

"नाही जाणवत," ओब्राद म्हणाला. "माल कमी घातलाय. आणि पैसे जास्त घेतलेत. हे तुम्ही आनंदाने सांगताय?"

"दस्ता बघा. अक्रोडाचं लाकूड."

"अक्रोड आपल्या डोंगरातून तिकडे जातं."

हे खरं होतं. पण लाकूड तिकडे जाऊन आलं की त्याला एक वळण लागतं, असं वेलिमिरने सांगितलं. ओब्राद म्हणाला, वळण माणसालाही लागतं, काहींचं तर मानेपर्यंत पोचतं. त्यानंतर सूप गार झालं आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद झालं म्हणजे एकमेकांशी. गावाशी दोघेही भरपूर बोलत, आणि सगळं एकमेकांबद्दलच. वर्षभरात निम्मा गाव परदेशी झाला आणि निम्मा देशी. यांपैकी बहुतेकांनी दोन्ही बंदुका लांबूनच पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांची मतं अधिक ठाम होती. केशकर्तनालयात देशी बाजूचे सोमवारी आणि परदेशी बाजूचे मंगळवारी जाऊ लागले.

खरी अडचण यास्नाची झाली. तिला मुलगा झाला होता आणि त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. ओब्रादला तो गावच्या चर्चमध्ये आणि जेवण अंगणात हवं होतं. वेलिमिरला शहरात हवं होतं, जिथे गाड्या लावायला जागा आहे अशा हॉटेलात. दोघेही एकमेकांशी बोलत नसल्यामुळे निरोप यास्नामार्फत जात.

"बाबांना सांग, आमच्या घराण्यात हॉटेलात कुणी बाप्तिस्मा केलेला नाही," ओब्राद म्हणे.

"मामंजींना सांग, हॉटेलात फक्त जेवायचंय," वेलिमिर म्हणे.

"मी दोघांनाही एकच सांगते," यास्ना म्हणे. "पोरगं आता पालथं पडायला लागलंय. असंच चाललं तर बाप्तिस्म्याला ते स्वतःच्या पायांनी चालत जाईल आणि पाद्र्याशी वादही घालेल."

जेवणासाठी ओग्न्येनने एक डुक्कर पाळलं होतं. कुरळ्या, काळपट केसांचं, आपल्याकडच्या जुन्या जातीचं. तारीख ठरत नव्हती आणि डुक्कर वाढत होतं. कुटुंबात त्या काळात प्रगती झाली ती एवढीच.

याच सुमारास देसांकाबाईंच्या मक्यात रानडुक्कर शिरायला लागलं. देसांकाबाई विधवा, शेत डोंगराच्या पायथ्याशी, ओग्न्येनच्या वाड्याला लागून. मक्यावरच त्यांचं वर्ष निघे. रोज सकाळी दोन-तीन ओळी आडव्या झालेल्या असत. त्या मंडळाच्या सभेत आल्या, डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाल्या, "मला कुठल्याही देशाची चालेल. पण कुणीतरी मारा."

एवढ्या उथळ दृष्टिकोनाची सभेला सवय नव्हती. आमचे अध्यक्ष ग्वोझ्देन, माजी वनाधिकारी, यांनी त्यांना समजावून सांगितलं की हे रानडुक्कर म्हणजे चालून आलेली संधी आहे. प्रश्न कायमचा निकालात निघू शकतो. मात्र त्यासाठी आधी समिती नेमावी लागेल, आणि समितीचं काम पुरं होईपर्यंत त्याला कुणीही मारू नये, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

"आणि तोवर ते काय करेल?" देसांकाबाईंनी विचारलं.

"तोवर ते तटस्थ राहील," अध्यक्ष म्हणाले. (त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे प्रश्न नेमका काय होता याबद्दल मतभेद आहेत.)

समितीने काम कसोशीने केलं. कुठलीही बाजू दुखावू नये म्हणून प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही बंदुका सरस ठरवण्यात आल्या. परदेशी बंदूक हलकी असल्याने डोंगर चढायला उत्तम. देशी जड असल्याने डोंगर चढायचाच कंटाळा येतो, त्यामुळे गुडघ्यांना उत्तम. परदेशी बिघडली तर ग्राझला पाठवावी लागते आणि वसंतात ती सुंदर खोक्यातून, नम्र पत्रासह परत येते. देशी बिघडली तर गावचा लोहार दुपारपर्यंत ठीक करतो, पत्र देत नाही. परदेशीचा खटका लोण्यासारखा सरकतो. देशीचा थंडीत अडतो, तेव्हा दस्त्यावर थाप मारून तिला नावाने हाक मारावी लागते. पण यातून माणूस आणि बंदूक यांच्यात जिव्हाळा निर्माण होतो, जो खोक्यातून येत नाही.

किमतीचा मुद्दा गुंतागुंतीचा होता. परदेशी बंदुकीच्या पैशांत चार गाई येतात, देशीच्या पैशांत एक गाय आणि फार तर वासरू. मोल काढायचं तर किमतीला आजवरच्या शिकारीच्या संख्येने भागावं, असं ठरलं. परंतु दोघांच्याही नावावर गेल्या कित्येक वर्षांतली शिकार शून्य निघाली, आणि शून्याने भागायला शाळेतल्या गणिताच्या बाईंनी साफ नकार दिला. गोळ्यांचा मुद्दा वगळण्यात आला, कारण दोघेही एकाच दुकानातून एकाच मापाच्या गोळ्या घेतात, आणि त्या तिसऱ्याच देशातल्या असतात.

मग नेमबाजीची चाचणी झाली. जुन्या गिरणीमागे फळी लावली. निष्पक्षपणा म्हणून प्रत्येकाने दोन्ही बंदुका चालवायच्या होत्या. ओब्रादने स्वतःच्या बंदुकीने फळीच्या वरची फांदी पाडली आणि वेलिमिरच्या बंदुकीने फळीच्या बरोबर मध्यभागी भोक पाडलं. वेलिमिरचंही नेमकं तसंच, उलट्या बाजूने. दोघेही पांढरे पडले. ओब्राद म्हणाला, माझा हात थरथरला म्हणून लागली. वेलिमिर म्हणाला, मी शेजारच्या झाडावर नेम धरला होता. समितीने हा निकाल 'निरुपयोगी' ठरवून रद्द केला.

आता उरलं रानडुक्कर. मक्याच्या कडेला मचाण बांधलं. त्यावर ओब्राद, वेलिमिर, अध्यक्ष आणि निरीक्षक म्हणून मी. ऑक्टोबरची संध्याकाळ, थंडी पडू लागलेली. जागा तिघांची आणि माणसं चार, म्हणून दोन्ही व्याही खांद्याला खांदा लावून बसले. वर्षभरात ते एकमेकांच्या इतके जवळ आले नव्हते. वेलिमिरने थर्मासमधला चहा कपात ओतला, जरा थांबला, आणि कप मागे बसलेल्या अध्यक्षांकडे देत म्हणाला, "पुढे द्या." अध्यक्षांच्या पुढे ओब्रादही होताच. त्याने घेतला. मग खिशातून आलुबुखाऱ्याच्या दारूची चपटी बाटली काढून तीही अध्यक्षांमार्फत परत पाठवली. अध्यक्षांनी दोन्ही वेळा जकात वसूल केली.

उजेड जात आला तेव्हा मका हलला. प्रथम कडकड आवाज, मग फुरफुर, मग ओळींच्या मधून एक मोठं, काळपट, केसाळ धूड बाहेर आलं आणि आमच्याकडे पाठ करून निवांत कणीस खाऊ लागलं.

"व्याहीबुवा, तुम्ही आधी," वेलिमिर कुजबुजला. हे त्याचं वर्षातलं पहिलं थेट वाक्य.

"छे. पाहुण्याचा मान आधी."

"मी पाहुणा कसला? मी याच गावचा."

"आज कळलं."

अध्यक्ष म्हणाले, "एकदम मारा." दोघांनी एकदम चाप ओढले. धूड जागीच कोसळलं. मक्याच्या पलीकडून दुसरं काहीतरी मोठं झाडं मोडत डोंगराकडे पळालं, पण त्या क्षणी तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भोक एकच होतं. गोळी आरपार जाऊन चिखलात गेलेली. पुढची पाच मिनिटं मी मंडळाच्या इतिहासातली सर्वांत तेजस्वी भाषणं ऐकली. वेलिमिर म्हणाला, इतकं स्वच्छ भोक फक्त परदेशी नळीच पाडू शकते. ओब्राद म्हणाला, एवढं जनावर एका गोळीत पाडायला बंदुकीत माती लागते, आपली माती. दोघांनी आपापला पाय त्याच्यावर ठेवला. अध्यक्षांनी विजेरी पेटवली.

जनावराच्या कानात पिवळा बिल्ला होता. बिल्ल्यावर ओग्न्येनच्या वाड्याचा क्रमांक होता.

दोघांनी आपापले पाय खाली घेतले. आवाज ऐकून कुंपणापलीकडून यास्ना येत होती, कडेवर पोरगं, मागून ओग्न्येन. ती जवळ आली, बिल्ला पाहिला, डुकराकडे पाहिलं, मग बापाकडे आणि सासऱ्याकडे.

"कुणी मारलं?"

"मामंजींनी," वेलिमिर लगेच म्हणाला. "काय नेम आहे. मी उगाच नावं ठेवत होतो, आपल्या कारखान्याची बंदूक म्हणजे दणकट काम. असं भोक दुसरी कुठली पाडणार?"

"नाही नाही," ओब्राद म्हणाला. "श्रेय ज्याचं त्याला द्यावं. इतक्या कमी उजेडात तुमच्या बंदुकीवरच्या ऑस्ट्रियन दुर्बिणीशिवाय लागणं शक्यच नाही. माझी तर अडली होती."

"वाजली की तुमची."

"वाजली, पण कुठेतरी भलतीकडेच गेली. तिची सवयच ती."

दुसरी गोळी कुठे गेली ते आजतागायत सापडलेलं नाही. मात्र ती आपलीच होती असं दोघेही शपथेवर सांगत होते. नेम चुकल्याच्या श्रेयावरून दोन शिकारी भांडल्याची मंडळात तरी दुसरी नोंद नाही.

यास्नाने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते. ते डुकरासाठी नव्हते एवढं मला कळलं. ओग्न्येनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने काढला.

"वर्षभर," ती म्हणाली, "वर्षभर तुम्ही दोघं एका टेबलाशी बसला नाहीत. याला दोन्ही आजोबा कधी एका खोलीत दिसले नाहीत. आणि आज एकत्र बसलात ते हे करायला."

पोरगं पुढे झुकलं आणि एका मुठीत ओब्रादची मिशी, दुसऱ्या मुठीत वेलिमिरच्या टोपीचं पीस धरून ओढू लागलं. दोघांना डोकी जवळ आणावी लागली. सोडवून घ्यायचं धाडस कुणालाच होईना.

"हे मांस थांबणार नाही," यास्ना म्हणाली. "बाप्तिस्मा शनिवारी. गावच्या चर्चमध्ये. जेवण अंगणात, आणि गाड्या देसांकाकाकूंच्या आडव्या झालेल्या मक्यात लागतील, तिथे आता भरपूर जागा आहे. भाडं तुम्ही दोघं त्यांना द्याल. आणि आत्ता हे घरी न्या, साफ करा. दोघांनी. मी सुऱ्या देते."

त्यांनी ते केलं. मी पाणी तापवायला थांबलो होतो. दोघेही केस खरवडत होते. मग ओब्राद हळूच म्हणाला, "तुमच्या पाठीला वाकायला त्रास होतो ना, व्याही? बसा. मी ओढतो." वेलिमिर बसला. थोड्या वेळाने त्याने ओब्रादच्या हातातली सुरी निरखली आणि म्हणाला, "ही कुठली? धार बरी दिसतेय. तिकडची असावी." ओब्रादने सुरी खाली ठेवली. यास्नाने खिडकीतून फक्त पाहिलं, आणि त्याने ती पुन्हा उचलली.

शनिवारचं जेवण उत्तम झालं. मांस चविष्ट होतं, आणि डुक्कर देशी होतं यावर मात्र पूर्ण एकमत झालं. रानडुक्कर त्या संध्याकाळच्या आवाजाने डोंगर ओलांडून गेलं. सध्या ते शेजारच्या मंडळाच्या हद्दीत आहे आणि त्यांनीही समिती नेमल्याचं कळतं. देसांकाबाईंचा उरलेला मका वाचला. व्याही आता दर रविवारी एका टेबलाशी बसतात आणि सुऱ्यांबद्दल बोलतात.

आमची समिती मात्र चालू आहे, कारण मूळ प्रश्न सुटलेला नाही. तिच्यात एक जागा रिकामी आहे. उमेदवाराने बंदूक कधी हातात धरलेली नसावी, ब्रेझाक पाहिलेलं नसावं, आणि तरी दोनपैकी कुठली चांगली हे त्याचं आधीच ठरलेलं असावं. इथपर्यंत वाचताना तुम्ही मनातल्या मनात एक बाजू धरलीत, ते आमच्या लक्षात आलं आहे. मुलाखतीची गरज नाही. पुढच्या सभेला या.