कोठीतला रेडिओ

"रेडिओ विकत घेतो तो आळशी माणूस!" विष्णुपंतांनी भर कचेरीत जाहीर केलं. "चार तारा इकडच्या तिकडे जोडायच्या, झालं! आमच्या घरी कढी करायला याहून जास्त डोकं लागतं!"

विष्णुपंतांनी जन्मात कधी रेडिओ जोडला नव्हता. कढीही केली नव्हती.

पण बढाई मारायला कारण होतं. विष्णुपंत मोरखिंडीच्या वसाहतीत कारकून होते. कोयनानगरचा घाट उतरला की ही पाटबंधाऱ्याची वसाहत लागते. पुराच्या बातम्या कळवायला सांगलीच्या कचेरीत बिनतारी यंत्रावर एक जागा निघाली होती, आणि ती मिळवायची असं विष्णुपंतांनी नव्हे, त्यांच्या बायकोने ठरवलं होतं. शरयूबाई सांगलीच्या. लग्न करून इथे आल्यापासून त्यांनी लोणच्याची बरणी फळीवर ठेवलेली नव्हती. मोरखिंडीत कुणीच ठेवत नसे. जमीन कधी हलेल याचा नेम नव्हता. सदुसष्टच्या भूकंपानंतर वसाहतीत एकच कायदा होता: आधी बाहेर पळायचं, चौकशी बाहेर!

"मला हलणारी जमीन नको," शरयूबाई म्हणत. "सांगलीला पूर येतो, पण तो निदान येताना दिसतो तरी!"

बदलीचा शब्द कचेरीचे मुख्य हंबीरराव साहेब यांच्या हातात होता, आणि साहेब म्हणाले होते, "पंत, तुम्ही टाकबोरूची माणसं. तुम्हाला यंत्रातलं काय कळतं?"

"रविवारी चहाला या साहेब! मी जोडलेला रेडिओ स्वतःच्या कानांनी ऐका!"

झालं. पुण्याहून टपालाने सामान आलं. विष्णुपंतांनी जमिनीवर धोतर अंथरून त्यावर व्हॉल्व्ह, तारा, ट्रान्सफॉर्मर असा संसार मांडला. शेजारचा जोतीराम मदतीला आला. तो पलटणीत ट्रक चालवून निवृत्त झालेला.

"कायबी काळजी करू नगा पंत! पलटणीत असल्या वायरलेसच्या पेटीवर बसून जेवलोय मी!"

एवढ्या अनुभवापुढे विष्णुपंत काय बोलणार? दोघांनी मिळून शिसं वितळवलं, बोटं भाजली, एकमेकांना दोष दिला आणि रेडिओ उभा केला. शेवटी बशीत एक कंडेन्सर उरला.

"ह्यो कुठला?" जोतीरामने विचारलं.

"जादा पाठवला असेल. चांगली कंपनी दिसते!" विष्णुपंत म्हणाले आणि तो खिशात टाकला.

आता प्रश्न स्पीकरचा. कऱ्हाडात एका तंबूतल्या सिनेमाने गाशा गुंडाळला होता, त्याचा परातीएवढा स्पीकर विष्णुपंतांनी स्वस्तात उचलला होता. तो बसेल असं खोकं मिळेना. मग त्यांची नजर तांदळाच्या पत्र्याच्या कोठीवर गेली.

"आणि तांदूळ कशात ठेवू?" शरयूबाईंनी विचारलं.

"बादलीत! सांगलीला गेलो की चांदीच्या कोठीत ठेव!"

कोठीला भोक पडलं, स्पीकर बसला. पण मोरखिंडीचा माणूस तो मोरखिंडीचा! धक्का बसून कोठी पडली तर? विष्णुपंतांनी ती भिंतीला नटबोल्टांनी गच्च आवळली. भिंत पत्र्याची. वर छप्परही पत्र्याचं, आणि रांगेतल्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच.

"आता भूकंपाचा बाप आला तरी हलायची नाही!" विष्णुपंत म्हणाले.

रविवारी हंबीरराव साहेब आले. खुर्चीवर बसले, शिऱ्याची बशी हातात घेतली. शरयूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. विष्णुपंतांनी कोठीला हळदकुंकू वाहिलं, घसा साफ केला आणि बटण दाबलं.

व्हॉल्व्ह हळूहळू तापले. मग कोठीच्या पोटातून एक आवाज निघाला. बातम्या नव्हेत, गाणंही नव्हे. नुसता घूंऽऽऽ! हा घूं गिळायचं काम ज्या कंडेन्सरचं, तो पंतांच्या खिशात होता. भिंत थरथरली, छप्पर खडखडलं, रांगेतल्या प्रत्येक घरातली खुंट्यांवरची भांडी धडाधड खाली आली.

"पळा रंऽऽ! भूकंप!" पलीकडून जोतीराम ओरडला.

मोरखिंडीत असं ऐकल्यावर कुणी विचार करत नाही. दारात ट्रे होता म्हणून साहेब खिडकीतून गेले, शिऱ्यासकट! आणि सर्वांत पुढे कोण? ज्यांनी नुकतंच बटण दाबलं होतं ते विष्णुपंत! आपल्या हाताने काही सुरू झालं असेल ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही.

सगळी वसाहत मैदानात जमली. घरघर चालूच होती. एरवी भूकंप आला आला म्हणेपर्यंत जातो, हा मात्र मुक्कामाला आल्यासारखा थांबला होता.

"असला लांबडा भूकंप बघितला न्हाई कवा!" जोतीराम जमिनीला कान लावून म्हणाला. "लय खोल हाय सायेब!"

हंबीरराव साहेबांनी बशी खाली ठेवून सूत्रं हाती घेतली. कचेरीत भूकंप मोजायचं यंत्र होतं, तिकडे जोतीरामला पिटाळलं. तो धावत परत आला.

"सायेब, सुई हालंना! रेघ अगदी सरळ हाय!"

"म्हणजे यंत्र बिघडलं! ऐन वेळेला!" साहेब गरजले आणि स्वतः कचेरीत जाऊन साताऱ्याला फोन लावला. त्यांचा आवाज मैदानभर ऐकू येत होता. "हो, मोठा भूकंप! अहो, झाला नाही, चालू आहे! केव्हापासून? चहाच्या आधीपासून!"

इकडे रांगेतली बयाबाई कमरेवर हात ठेवून आपल्या म्हशीकडे बघत होती. "आवं, सदुसष्टला ही दावं तोडून पळाली हुती. आज कशी रवंथ करतीया? जनावराला कळत न्हाई व्हय?"

शरयूबाईंनी म्हशीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बाहेर येताना तुम्ही तो बंद केलात ना?"

विष्णुपंतांना कोठी आठवली. खरं सांगावं तर सांगली गेली. न सांगावं तर साताऱ्याहून तंबू, डॉक्टर आणि धान्याचे ट्रक निघणार! ते घराकडे सटकले, तोच जोतीरामने त्यांना मागून मिठी मारली.

"पंत! एका रेडिओपायी जीव देता व्हय?"

"सोड रे! मला आत जाऊ दे!"

"न्हाई सोडत! शेजारधर्म हाय!" असं म्हणून त्याने पंतांना खाली पाडलं आणि त्यांच्या पाठीवर बसला.

तेवढ्यात साहेब परतले. "शाब्बास जोतीराम! असाच बसून राहा!"

शेवटी शरयूबाईंनी पदर खोचला. "माझा स्टोव्ह पेटता राहिलाय," एवढं बोलून त्या सरळ घरात गेल्या. बायका ओरडल्या. आत खट्‌ असा आवाज झाला, आणि भूकंप थांबला.

हंबीरराव साहेबांनी ज्या खिडकीतून उडी मारली होती तिच्यातून आत पाहिलं. हळदकुंकू वाहिलेली कोठी त्यांना नीट दिसली. मग त्यांनी जोतीरामखालच्या विष्णुपंतांकडे पाहिलं, आणि विष्णुपंतांनी डोळे मिटले.

एवढ्यात कचेरीतला फोन खणखणू लागला. साहेबांनी जाऊन तो उचलला. सातारा विचारत होतं, की आमच्याकडे काहीच हललं नाही, कऱ्हाडला नाही, मलकापूरला नाही, हा भूकंप आहे तरी कसला?

खिडकीतून उडी मारलेला अधिकारी दुसरं काय म्हणणार?

"स्थानिक," ते जड आवाजात म्हणाले. "अत्यंत स्थानिक."

सोमवारी साहेबांनी विष्णुपंतांना बोलावलं. विष्णुपंत शर्टाची वरची गुंडी लावून हात जोडून उभे राहिले.

"पंत, तुम्हाला यंत्रातलं कळतं, हे मी मान्य करतो."

विष्णुपंतांचा कानांवर विश्वास बसेना. "मग सांगली, साहेब?"

"जरूर! पण भूकंपाचं यंत्र बिघडलंय असं मी साताऱ्याला कळवून बसलोय. ते तेवढं तुम्ही दुरुस्त करा. दुरुस्त झालं की त्याच दिवशी सोडतो."

"पण साहेब, ते यंत्र तर अगदी ठीक आहे! त्यात बिघाडच नाही!"

हंबीरराव साहेबांनी चष्मा काढला, शांतपणे पुसला आणि पुन्हा लावला.

"यंत्र ठीक असेल, तर मग काल भूकंप झाला नाही असं होईल," ते म्हणाले. "आणि भूकंप नव्हता, तर मी खिडकीतून कशाला उडी मारली, हे तुम्हालाच साताऱ्याला सांगावं लागेल. नीट आठवून सांगा पंत. झाला होता ना भूकंप?"

विष्णुपंतांच्या डोळ्यांपुढे सांगली आली, कृष्णा आली, घाट आला आणि बादलीतला तांदूळ निवडत वाट पाहणाऱ्या शरयूबाई आल्या.

"झाला होता, साहेब," ते म्हणाले.