साळूबाईचा मोकळा भात

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची पोटं भरलेली होती आणि तरीही सगळ्यांना भूक लागलेली होती. कारण त्या जंगलात हॉटेल निघालं होतं.

हॉटेल होतं तरसाचं. बाहेर पाटी होती : 'हॉटेल हिरवी पाती. शुद्ध शाकाहारी.' तरस आणि शाकाहारी? तुम्ही हसलात ना? जंगलात कोणी हसलं नाही. पाटीवर लिहिलंय म्हणजे असणारच, असं सगळे म्हणाले. चांगलं शिकलेलं जंगल होतं ते.

त्याच जंगलात उंबराच्या मुळाशी बीळ करून एक साळिंदरांचं कुटुंब राहत होतं. आई साळूबाई, बाबा काटेराव, मुलगी कुसळी आणि धाकटा बोचरू. साळूबाई रोज चुलीवर भात रांधायची. तिचा भात मऊ असायचा. त्यावर वरण घातलं की मुरायचं, तूप घातलं की दिसेनासं व्हायचं. मला विचाराल तर भातानं असंच वागावं. पण मला कोण विचारतंय?

एका रविवारी काटेरावांनी सगळ्यांना हॉटेलात नेलं. जंगलात रविवार कुठून आला, असं विचारू नका. हॉटेल आलं की मागोमाग रविवार येतोच.

काटेरावांनी जिरा राईस मागवला. बशीत भात आला. लांब, पांढरी, चकचकीत शितं. एका शिताचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. वर जिऱ्याचे चार दाणे आणि कोथिंबिरीचं एक पान.

"बघा," काटेराव म्हणाले, "याला म्हणतात मोकळा भात!"

"आई, शितं मोजतासुद्धा येतात!" बोचरू म्हणाला आणि खरंच मोजत बसला. एरवी त्याचं गणित कच्चं होतं.

"यात आहे काय पण?" साळूबाई म्हणाली. "भात आणि जिरं."

"आई, हळू बोल ना गं," कुसळी कुजबुजली. "लोक बघतायत."

लोक खरंच बघत होते. पलीकडच्या टेबलावरच्या भेकरांनी तर मान फिरवली. साळूबाई बशीतलं खाऊ लागली. खोटं कशाला बोला, भात चांगला होता.

त्या दिवसापासून घरात एक नवा आवाज आला. जेवायला बसल्यावर काटेराव पानातल्या भाताकडे बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. मग कुसळी सोडायची. बोचरूला सुस्कारा नीट जमत नसे, तर तो नुसताच फुर्र करायचा. भाताला कोणी नाव ठेवत नव्हतं. नाव ठेवलं असतं तर साळूबाई भांडली असती. सुस्काऱ्याशी कसं भांडणार?

एके दिवशी हात धुता धुता काटेराव म्हणाले, "अगं, तरसशेठ घरपोच डबे सुरू करतायत. म्हटलं, आपणही लावून टाकू. तेवढाच तुला आराम."

मुलांनो, आराम हा शब्द ऐकला की जरा सावध व्हावं. ज्याला काढून टाकायचं असतं त्याला आधी आराम देतात.

बीळ काटेरावांनी खणलेलं होतं. त्यावर नाव काटेरावांचं होतं. पोरांचं लक्ष बाहेर होतं. साळूबाईची अशी एक चूलच होती. चुलीपाशी ती म्हणेल ते व्हायचं. तीच विझली तर या घरात आपण कोण, हे तिला कळेना. तिला भीती वाटली, अगदी खरी भीती.

"रविवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मी तस्सा भात घरी करून दाखवते. नाहीच जमला, तर लावा तुमचा डबा."

"बघ बाई," काटेराव म्हणाले. "उगाच दमशील."

आता हॉटेलसारखा भात घरी करायचा म्हणजे आधी राघूकडे जायला हवं. शेवरीच्या झाडावर एक राघू बसायचा आणि जंगलातल्या समस्त बायकांना स्वयंपाक शिकवायचा. झाडाखाली ही गर्दी.

"नमस्कार मैत्रिणींनो!" राघू ओरडला. "आज आपण बघणार आहोत हॉटेलसारखा जिरा राईस, तोही घरच्या घरी, तोही पाच मिनिटांत! अगदी सोप्पी, अगदी झटपट, अगदी चविष्ट अशी ही रेसिपी आहे. झाडाखालची घंटा वाजवायला विसरू नका!"

साळूबाईनं घंटा वाजवली.

मग राघूनं सांगितलं. जुना बासमती घ्या. भिजवा. लिंबू पिळा. चमचाभर तेल सोडा. पाणी अंदाजानं घाला.

"किती?" साळूबाईनं विचारलं.

"अंदाजानं."

"कुणाच्या अंदाजानं?"

राघूनं मान वाकडी केली, जरा विचार केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "नमस्कार मैत्रिणींनो!" बिचाऱ्यानं जन्मात कधी शिजलेला भात खाल्ला नव्हता. तो पेरू खायचा.

म्हणून पाण्याचं माप विचारायला साळूबाई शेजारच्या अस्वलीणकाकूंकडे गेली. काकू मनानं मोठ्या. त्या स्वतः उठून आल्या.

"त्यात काय गं एवढं? तांदळावर बोटाचं एक पेर पाणी. आमच्या आजीपासून हेच माप." आणि त्यांनी आपलं बोट पातेल्यात बुडवून दाखवलं.

अस्वलाचं बोट ते! एका पेरात पातेलं काठोकाठ भरलं. साळूबाईला शंका आली, पण काकूंच्या आजीपुढे बोलणार कोण? त्या दिवशी जे शिजलं त्याला भात म्हणता आलं नसतं. ती खळ होती. बोचरूनं त्या खळीनं पतंग चिकटवला. पतंग सुरेख झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं बोट बुडवलं. साळूचं बोट केवढं? पाणी आटलं आणि तांदूळ तसेच टकामका बघत राहिले. शितं मोकळी होती, पण दाताखाली कडकड वाजत होती. साळिंदरं एरवी झाडाची साल कुरतडतात, हाडं कुरतडतात. तरी काटेराव गाल धरून बसले.

"दात दुखायला लागले माझे," ते म्हणाले. "डब्याचं सांगून येऊ का?"

"रविवार यायचाय अजून," साळूबाई म्हणाली.

तिसऱ्या खेपेला पाणी बेताचं पडलं. भात शिजलाही बरोबर. पण गरम भात फोडणीत घालून हलवला मात्र, शितं मोडली आणि एकमेकांच्या गळ्यात पडली. सगळ्यांनी दोन दोन घास खाल्ले. "ठीक आहे," असं म्हणाले. ठीक आहे म्हणजे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग काटेराव पोरांना घेऊन हॉटेलात गेले. अर्धं पातेलं भात फोडणीविना तसाच उरला होता. साळूबाईला घास जाईना. तिनं पातेलं झऱ्याच्या गार पाण्यात ठेवलं आणि ती निजली.

शनिवारी सकाळी तिनं नेहमीचं काम केलं. उरलेला भात फोडणीला टाकला. त्या घरात एक रिवाज होता. ताजं घरच्यांनी खायचं, शिळं घरच्या बाईनं. हा रिवाज कोणी घालून दिला नव्हता आणि साळूबाईनं तो कधी मोडला नव्हता. रोज सकाळी ती चुलीपाशी उभ्या उभ्या शिळ्या भाताला फोडणी द्यायची आणि कढईतूनच खायची. एरवी कांदा, हळद, दाणे घालायची. आज तिला कशातच रस नव्हता. तिनं नुसतं तूप आणि जिरं घातलं.

पहिला घास घेतला आणि ती थांबली. कढईत बघितलं. लांब, पांढरी, चकचकीत शितं. एका शिताचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

"अगं बाई!" ती मोठ्यांदा म्हणाली.

ती तशीच निघून हॉटेलच्या मागच्या दारी गेली. तिथे जांभळीच्या सावलीत एका भल्यामोठ्या परातीत भात पसरून ठेवलेला होता. गार, घट्ट, रात्रीचा. शेजारी तरसशेठ दात कोरत बसले होते.

"शेठ, हा भात कधीचा?"

"कालचा," तरसशेठ म्हणाले. लाजले वगैरे नाहीत. "अहो बाई, गरम भात परतला तर मोडतो. रात्रभर गार होऊ दिला की शितं सुटतात. आम्ही रोज असाच करतो."

"म्हणजे शिळा?"

तरस ख्या ख्या करून हसले. "शिळा घरी असतो, बाई. हॉटेलात त्याला तयारी म्हणतात."

"आणि तुमची पाटी?"

"पाटीवर शुद्ध लिहिलंय. ताजं कुठे लिहिलंय?"

साळूबाईला खरं तर राग यायला हवा होता. पण तिला हसू फुटलं. ज्या भातासाठी सगळं जंगल रांगा लावत होतं तो ती रोज सकाळी उभ्या उभ्या खात होती आणि वर स्वतःचीच कीव करत होती. घरी जाईपर्यंत ती हसत होती. तिचे काटे खुळखुळ वाजत होते.

शनिवारी संध्याकाळी तिनं बासमती शिजवला, पेज वेळून टाकली, भात परातीत पसरला आणि झाकून झऱ्यात ठेवला. रविवारी दुपारी तूप तापवलं. जिरं तडतडलं. तमालपत्र पडलं, एक हिरवी मिरची पडली. मग भात पडला आणि तिनं तो हलक्या हातानं परतला. वर कोथिंबिरीचं एक पान ठेवलं. एकच.

काटेरावांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. त्यांनी सुस्कारा सोडला नाही.

"अगं, हा तर... हा तर तस्साच आहे!"

"आई, थोडा आणखी वाढ," कुसळी म्हणाली. ती हल्ली कधी आणखी मागत नसे.

बोचरू मोजायचंसुद्धा विसरला.

"तरसाचं हॉटेल बंद पाडशील तू," काटेराव म्हणाले. "डबा कसला लावतोय आता! तू कुठे आणि तो तरस कुठे!"

किती दिवसांनी कोणी साळूबाईच्या हाताला चांगलं म्हटलं होतं. ती ताट घेऊन त्यांच्या पंगतीला बसली. चुलीपाशी उभी राहिली नाही, बसली.

"पण केलंस कसं?" काटेरावांनी विचारलं. "सांग ना."

इथे, मुलांनो, साळूबाईनं 'राघूनं सांगितलं' एवढंच म्हणायला हवं होतं. मी तिथे असतो तर तिचं तोंड दाबलं असतं. पण बाईचा आनंद पोटात मावत नव्हता. तिनं मन मोकळं केलं.

"अहो, गंमत म्हणजे यात काहीच नाही! कालचा भात आहे. आपला साधा फोडणीचा भात!"

काटेरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"कालचा?" कुसळीनं ताट दूर सारलं.

"आई, माझं पोट दुखतंय," बोचरू म्हणाला. तिसऱ्यांदा वाढून घेतल्यामुळे ते खरंही असेल.

"शिळा?" काटेरावांचे काटे उभे राहिले. "माझ्या पोरांना तू शिळं घातलंस?"

"अहो, पण तरसशेठचाही कालचाच असतो! मी स्वतः बघून आले!"

"पुरे!" काटेराव म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "स्वतःची चूक झाकायला दुसऱ्याच्या अन्नाला नाव ठेवू नये. हॉटेलात कधी शिळं असतं का? हॉटेल आहे ते! परका असून तो आपल्याला चांगलं घालतो, आणि तू घरची असून..."

आता हॉटेलातला भात खाऊन तोंडाची ही चव घालवू, म्हणून ते पोरांना घेऊन निघून गेले.

सोमवारी डबा आला आणि चूल विझली. साळूबाई राखेपाशी बसून रडली. अंगावर काटे असले तरी रडू येतंच.

पण जंगलात कुणाचं कुणावाचून अडत नाही असं म्हणतात, ते हॉटेलला लागू नाही. त्याच आठवड्यात तरसशेठचा आचारी, एक वानर, उडी मारून शेजारच्या जंगलातल्या हॉटेलात गेला. शेठ उंबराखाली आले. "बाई, तुम्हाला तयारी ठाऊक आहे. येता का?"

साळूबाई गेली. घरी म्हणाली, "हॉटेलात वरकामाला लागलेय." कोणी जास्त चौकशी केली नाही. रोज दुपारी ती भात परतायची, डबे भरायची आणि घरचा डबा स्वतःच्या हातानं घरी आणायची.

एकदा काटेरावांनी डबा उघडला आणि डोळे मिटून वास घेतला.

"हल्ली भात सुधारलाय यांचा. कोण गं आचारी?"

साळूबाईनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"आहेत एक," ती म्हणाली. "फार मोठे आहेत. परगावाहून आणलेत."

"वाटलंच मला." काटेरावांनी मोठा घास घेतला. सावकाश चावला. त्यांचे डोळे भरून आले. "शिकून घे त्यांच्याकडून काहीतरी," ते म्हणाले. "याला म्हणतात भात! अगदी घरच्यासारखा!"

तात्पर्य : भात मोकळा करावा, मन करू नये.