मानाचं बोट

"डावा हात! नानांच्या समोर डावा हात?" दरबारातला म्हातारा अग्येकुम ओरडला. "लाज आहे का तुझ्या मामाला?"

"उजव्या हातात दरबाराची काठी आहे ना त्याच्या!" मी पण ओरडलो. "मग भोक काय पायानं बुजवणार?"

नाना म्हणजे आमच्या गावचे राजे. राजा लोकांशी थेट बोलत नाही. तो पुटपुटतो, आणि माझा मामा, ओवुसू-अन्सा, सोन्याच्या मुठीची काठी धरून ते मोठ्यानं सांगतो. गेल्या वर्षी मामाच्या घशात गाठ आली. कुमासी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याला पुढून भोक पाडलं, नळी बसवली. ट्रॅकिओस्टोमी म्हणतात त्याला. वरचा रस्ता अरुंद झाला, म्हणून श्वासाला खाली दार. बोट ठेवलं की आवाज निघतो, उचललं की श्वास आत जातो. एवढंच. मी शाळा सोडली तरी मला कळलं.

दरबाराला नाही कळलं. डाव्या हाताबद्दल मामाला एक मेंढी दंड झाला. मग बैठक बसली. काठी खाली ठेवावी? राजाचा अपमान. डावा हात चालू द्यावा? महाअपमान. शेवटी ठरलं, की बोट दुसऱ्याचं असावं.

"मी ठेवतो," मी म्हणालो.

"तू? दरबाराच्या गळ्याला कार्टं हात लावणार?"

मग नवं पद निघालं: मानाचं बोट. ते अग्येकुमनं घेतलं. बोटाला अंगठी आली, बोटावर छत्री आली, छत्री धरायला माणूस आला.

सणाच्या दिवशी नानांनी आभार मानायला घेतले. पूर्वजांपासून सुरुवात, मग आमदार, मग कोकोचे व्यापारी, मग मांडवातले पंखे. सगळं एकाच वाक्यात. मामानं अग्येकुमच्या मनगटावर थोपटलं. श्वास हवा होता.

"थांब!" अग्येकुम दात आवळून म्हणाला. "राजाचं वाक्य मधे तोडतोस? संपलं की उचलतो."

मामाचे डोळे बाहेर आले, अंग थरथरलं.

"वा! काय भक्तीनं बोलतोय!" लोक म्हणाले. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले.

मी धावत जाऊन ते बोट उपसलं. मामानं असा श्वास ओढला की मागच्या रांगेतलं पोर दचकून रडलं.

राजाच्या वाक्यात श्वास घेतल्याबद्दल मामाला आणखी एक मेंढी. मला दरबारबंदी. आणि पहिलं बोट कुणी उपसू नये म्हणून त्याच्यावर दुसरं बोट नेमलं.

"सोड ना हे, मामा," मी घरी म्हणालो.

त्यानं स्वतःचं बोट भोकावर ठेवलं. "सोडलं तर माझं कोण ऐकेल रे?"

तुम्ही हसताय. हसताना श्वास घेतलात ना? कुणाला विचारून? टाळ्या वाजवणारेही तुमच्यासारखीच भली माणसं होती.

आज पुन्हा आत दरबारात नानांनी आभार मानायला घेतलेत, पूर्वजांपासून. दारात मला अडवतात, पण मागची खिडकी उघडी आहे. निघायला हवं मला.