डब्याला कार्ड पाहिजे

कलाबाईंनी ओली गोधडी पिळली, अंगणभर नजर फिरवली आणि ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत नव्यानेच ताणलेल्या निळ्या दोरीवर ती टाकून दिली. दोरी कोणी बांधली, कधी बांधली, असल्या चौकशीत त्या पडल्या नाहीत. मुलगा घरी आला की बारीकसारीक कामं न सांगता होतात, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्यांना बरं वाटलं.

ती दोरी नव्हती. ओसरीतलं नेट मंगेशच्या कॉम्प्युटरपर्यंत नेणारी ती वायर होती. गोधडीच्या वजनाने ती तुटली असती तरी परवडलं असतं, पण वायर भक्कम निघाली. तिने कॉम्प्युटरच्या पाठीत जिथे ती खोचली होती ती जागाच उचकटून बाहेर आणली.

"आई, ते नेटची वायर होती व!" मंगेश ओरडत बाहेर आला.

"मले काय मालूम? दोरीसारखी दिसे, दोरीसारखी ताणली होती. मंग मी का तिले ओवाळू?" कलाबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

मंगेश पुण्याच्या एका कंपनीत पुलांचे नकाशे काढायचा. हा कॉम्प्युटर त्याने एकेक भाग जमवून स्वतः जुळवला होता आणि तो इतका आटोपशीर होता, की घरात त्याला सगळे डबाच म्हणत. गावी, सानगडीत बसून काम करायला कंपनी तयार होती, पण एका अटीवर. सोमवारी सकाळी चाचणी होणार होती. त्यात नेट अडकलं, तर पुढच्या आठवड्यापासून पुण्यात हजर.

ही अट ऐकल्यापासून मंगेशचे वडील घनश्यामराव बेचैन होते. मुलगा घरी राहावा, असं ते तोंडाने कधीच बोलले नसते. पण तो आल्यापासून त्यांनी बैलांना नवीन वेसणी आणल्या होत्या आणि घराला रंग द्यायचं ठरवलं होतं. का, ते त्यांनाच ठाऊक.

"आता बिनवायरचं नेट घेणारं कार्ड आत बसवावं लागन," मंगेश म्हणाला. "माह्यापाशी बाहेरून लावायचं एक होतं, पण आपल्या मातीच्या भिंतीतून त्याले काही दिसतच नाही. अन ऑनलाइन मागवलं तं बुधवार उजाडन."

"मी आणतो," घनश्यामराव म्हणाले.

"तुम्ही? मी नाव पाठवतो मोबाइलवर, तेवढं दाखवा."

"नाव वाचून का सोयरीक होते? जागा दाखव मले."

घनश्यामराव धानाची शेती करत, पण त्यांचं खरं नाव होतं सोयरिकी जुळवण्यात. त्यांनी जुळवलेल्या जोडप्यांची लेकरंही आता लग्नाला आली होती. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, केरसुणीची एक काडी मोडली, लहान पोराच्या चपलेला पायाचं माप घेतात तसं त्या फटीचं माप घेतलं आणि काडी खिशात घालून साकोली गाठली.

दुकानदारासमोर त्यांनी काडी ठेवली. "एवढं द्या."

"एवढं काय?"

"कार्ड. कॉम्प्युटरच्या आत बसते ते."

दुकानदाराने काडी कार्डाशेजारी धरून पाहिली. माप तंतोतंत जुळलं. घनश्यामराव मिशीवर हात फिरवत घरी आले.

मंगेशने ते हातात घेतलं आणि खाली बसला. "बाबा, हे नेटचं नाही. हे साठवणीचं हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे धान पेराले सांगितलं अन तुम्ही धान साठवाची ढोली आणली. अन ह्याची खाच पाहा, दुसऱ्याच बाजूले हाय. आत जातच नाही हे."

घनश्यामराव वरमले, पण हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंडाऱ्याची बस धरली. या खेपेला नेटचं कार्ड, खाच अमुक बाजूला, हे सगळं त्यांनी वाटभर घोकलं होतं. मंगेशने पाठवलेलं नाव मात्र त्यांनी दुकानदाराला दाखवलं नाही. त्यांना तो आपला पराभव वाटला असता.

नवं कार्ड फटीत अलगद बसलं. स्क्रू लागला, झाकण लागलं. कलाबाईंनी हात जोडले. मंगेशने बटण दाबलं, पडद्याकडे टक लावून पाहिलं आणि कपाळ धरलं.

"काय झालं? बसलं तं खरं."

"बसलं, पण बोलत नाही. ह्या कार्डाचं अर्धं काम प्रोसेसरले करावं लागते. अन हे फक्त सोताच्याच कंपनीच्या प्रोसेसरसंग बोलते. आपल्या डब्यातला दुसऱ्या कंपनीचा हाय."

घनश्यामरावांनी हे मनात दोनदा फिरवलं. मग ते भडकले. "म्हंजे आपण त्याले घरात घेतलं, पाटावर बसवलं, अन ते जात पाहून बोलून राहिलं?"

"तसंच समजा."

"असं कसं? दोघंही चांगले, दोघांचंही माप बरोबर, अन एक म्हणते मी तुह्यासंग नांदत नाही? काहून? तं तू माह्या कंपनीचा नाही म्हणून! लाज वाटाले पाहिजे त्या कार्डाले!"

हा राग घरात मावेना, म्हणून तो त्यांनी बाहेर नेला. चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, भेटेल त्याला ते त्या कार्डाची कहाणी सांगत सुटले. ज्यांच्या सोयरिकी त्यांनी घराणं, गोत्र आणि सात पिढ्या तपासून जुळवल्या होत्या, ते लोकही माना डोलावत ऐकत राहिले.

शनिवारी त्यांनी शेवटचा उपाय काढला. डबाच घेऊन जायचं. धक्का लागू नये म्हणून कलाबाईंनी तो लहान गोधडीत गुंडाळून दिला. घनश्यामराव गच्च भरलेल्या बसमध्ये तो छातीशी धरून उभे राहिले.

"बसा भाऊ, बसा, लेकरू घेऊन कायले उभे राहता?" एका बाईने लगबगीने जागा दिली. घनश्यामराव बसले. आता खरं सांगावं, तर उठावं लागलं असतं.

"झोपलं का?" लाखनीचा थांबा गेल्यावर बाईने विचारलं.

"हो. त्याले बरं नाही. भंडाऱ्याले दाखवाले नेऊन राहिलो," ते म्हणाले, आणि यात त्यांना काही खोटं वाटलं नाही.

दुकानात त्यांनी गोधडी सोडली. "हा नवरदेव. आता याच्यासमोर जुळवा."

दुकानदाराने जुनं कार्ड काढलं, दुसरं बसवलं, मागे दोन शिंगांसारख्या अँटेना लावल्या आणि नेट लगेच सुरू झालं. "हे घ्या काका. हे कोणत्याही प्रोसेसरसंग चालते."

"मंग हेच पहिले कायले नाही देल्लं? कंपनी पाहून बोलणारं सामान दुकानात ठेवाच कायले?" घनश्यामरावांनी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर त्याला भरपूर सुनावलं आणि मगच उठले.

सोमवारी मंगेश डब्यासमोर बसला. चाचणी घेणाऱ्या रिता मॅडम पडद्यावर आल्या. हसतमुख, तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मंगेशला अख्खा पूल उलटासुलटा फिरवायला लावला. दाराआड घनश्यामराव आणि कलाबाई श्वास रोखून उभे होते.

"उत्तम. एकदाही अडकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मंगेश, घरूनच काम करायचं. कंपनीला आजच कळवते."

घनश्यामरावांचे डोळे भरून आले. ते उपरण्याने डोळे पुसत आत गेले. "झालं ना बाबू! आता काही टेन्शन नाही."

मंगेशने खुर्ची वळवली. "बाबा, बसा. एक सांगायचं होतं."

"आता कोणतं कार्ड?"

"कार्ड नाही. आताच बोलली ते रिता. मले तिच्यासंग लग्न करायचं हाय. आपल्यातली नाही ते. तुमचं मन नसन, तं मी पुण्यालेच राहतो. मंग हे नेट असून काय कराचं?"

घनश्यामरावांनी तोंड उघडलं. जन्मभर जो प्रश्न ते सगळ्यात आधी विचारत आले होते, तो जिभेवर तयारच होता. तेवढ्यात त्यांची नजर कलाबाईंकडे गेली.

"बोला ना," कलाबाई म्हणाल्या. "टपरीवर तं लय तोंड चाले तुमचं."

"मी कार्डाचं बोलत होतो."

"मंग मीबी कार्डाचंच म्हणून राहिली."

मुलगा जाणार की राहणार, हे आता घनश्यामरावांच्या एका शब्दावर होतं, आणि गेले तीन-चार दिवस तो शब्द ते गावभर ओरडत फिरले होते. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगी चांगली दिसते. पण पुण्याची हाय. इथला उन्हाळा, हे मातीचं घर... सानगडीत कशी राहीन ते?"

"राहीन ना, काका."

तिघेही दचकले. पडद्यावर रिता तोंडावर हात ठेवून बसली होती.

"माफ करा. मंगेशने कॉल बंदच केला नाही. मला सगळं ऐकू आलं. अगदी स्वच्छ."

घनश्यामरावांनी घाईघाईने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "बंद कर, बंद कर!" ते मंगेशच्या कानात पुटपुटले.

"बंद कायले?" कलाबाईंनी पदर सारखा केला, मंगेशला उठवलं आणि त्याच्या खुर्चीवर त्या स्वतः बसल्या. "कार्ड तुम्ही तीनदा पाहून आणलं. सून मी एकदा तं पाहू का नाही?" मग त्या पडद्याकडे वाकल्या. "काय व बाई, तिखट किती खातं?"